सल्ला हवा आहे: १९९७ ची अल्फा रोमिओ जीटीव्ही व्ही६. क्लासिक होतेय की नुसतीच जुनी होतेय?

नेकारकाठचा

नमस्कार मंडळी. गाड्यांवरचे इथले जुने धागे चाळले. स्विफ्ट घ्यावी की आय-ट्वेंटी यावर पानंच्या पानं भरलीत, पण माझ्या प्रश्नाच्या आसपास जाणारं काही सापडलं नाही, म्हणून नवा धागा.

मी श्टुटगार्टजवळ राहतो. ऑफिसला लोकल आहे, घरात एक स्कोडा आहे, त्यामुळे जी घ्यायची ती शनिवार-रविवारची गाडी. इमारतीखालच्या गॅरेजात एक जागा भाड्याने मिळाली आहे. मनात बसलीये अल्फा रोमिओ जीटीव्ही, १९९५ पासून पुढे दहाएक वर्षं विकली गेली ती, जिला अल्फावाले ९१६ म्हणतात. समोरून चार बारीक गोल दिवे आणि बाजूने दारावरून तिरकी वर चढत जाणारी ती रेघ. ज्यांनी पाहिली असेल त्यांना वेगळं सांगायला नको.

सध्या दोन गाड्या नजरेत आहेत. पहिली १९९७ ची, ३.० व्ही६ (सहा सिलिंडरची) २४ व्हॉल्व्ह, लाल, १ लाख ३८ हजार किमी, तीन मालक, मागणी १३,५०० युरो. दुसरी १९९८ ची २.० ट्विन स्पार्क (चार सिलिंडरची), चंदेरी, १ लाख १० हजार किमी, मागणी ४,८००. घरात ठरलंय की दुरुस्ती धरून एकूण १५,००० च्या वर जायचं नाही.

जाहिरातींत सगळेच 'उद्याची क्लासिक' लिहितात. त्यात तथ्य किती? पाच-सात वर्षांनी विकायची वेळ आली तर घातलेले पैसे परत निघतील का? व्ही६ साठी जवळपास तिप्पट मोजण्यात अर्थ आहे का? बायको म्हणते, "खेळणं घेतोयस तर खेळणं म्हण, गुंतवणूक म्हणू नकोस." तिच्याशी वाद घालण्याआधी तुमचं ऐकतो.

हिशोबी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गाडीला पुढे भाव यायचा तर ती दुर्मीळ तरी हवी, नाहीतर तिच्यामागे काही मोठा इतिहास तरी हवा. जीटीव्ही आणि तिची उघड्या टपाची बहीण स्पायडर, दोन्ही मिळून ऐंशी हजारांच्या आसपास बनल्या. खालचा सांगाडा फियाट टिपोच्या घराण्यातला, इंजिन आडवं, ओढणार पुढची चाकं. अल्फाच्या ज्या गाड्यांसाठी लोक आज खरोखर पैसे ओततात, म्हणजे साठच्या दशकातली बर्टोनेची ज्युलिया जीटी, माँट्रियल, नाहीतर ती ओबडधोबड एसझेड, त्या सगळ्या मागच्या चाकांच्या. एसझेड तर जेमतेम हजारभर बनल्या.

तुमच्या बायकोला माझं अनुमोदन. १५ हजार इंडेक्स फंडात टाका आणि सुट्टीच्या दिवशी अल्फा भाड्याने घ्या.

निवांत_नाना

गाडी देखणी आहे हो. पुण्याला घेऊन येणार का पुढे? आली तर चक्कर मारायला आम्ही आहोतच. आमच्या वडिलांकडे कुर्ल्याची फियाट होती, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला. इटालियन गाडीचं आम्हाला कौतुक नवं नाही.

तेलकट_हात

बर्मिंगहॅमहून लिहितोय. माझ्याकडे याच गाडीची व्ही६ बरीच वर्षं आहे आणि शक्य तेवढं काम मी स्वतः करतो, तेव्हा थोडं लांबण लागेल.

हिशोबींचा आकडा बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. किती बनल्या याला तसा फार अर्थ नाही, चांगल्या किती उरल्या ते बघा. या गाडीची मधली पंधरा वर्षं फार हलाखीची गेली. भाव इतके पडले की टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारा पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप बदलायचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जायचा. मग मालक म्हणायचा, बघू पुढच्या वर्षी. बेल्ट तुटला की या इंजिनांत व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आपटतात, आणि दोन हजारांच्या गाडीचं इंजिन कोण बांधत बसणार? गाडी भंगारात. स्वस्त होती म्हणून मेली. व्ही६ च्या बाबतीत तर काहींनी नुसतं इंजिन काढून घेतलं आणि बॉडी टाकून दिली. तेव्हा ऐंशी हजारांतल्या आज धड चालणाऱ्या, गंज नसलेल्या आणि पूर्ण कागद असलेल्या किती, आणि त्यांतल्या व्ही६ किती, हा खरा प्रश्न. ही संख्या आता वाढणार नाही एवढं नक्की.

दुसरं, इंजिन. अल्फाचा हा व्ही६ जुझेप्पे बुस्सो यांचा. १९७९ च्या अल्फा ६ मध्ये अडीच लिटरचा म्हणून पहिल्यांदा आला आणि वाढत वाढत ३.२ लिटरपर्यंत गेला. २००५ च्या अखेरीला आरेझेच्या कारखान्यात तो बंद झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच, जानेवारी २००६ मध्ये, खुद्द बुस्सो गेले. अल्फावाले ही गोष्ट हळवे होऊन सांगतात. मला त्या योगायोगापेक्षा बोनेट उघडल्यावर दिसणाऱ्या त्या सहा चकचकीत नळ्या जास्त आवडतात. आजकाल बोनेट उघडलं की काळं प्लास्टिक दिसतं. इथे १९९७ मधल्या कारखान्याने हवेच्या नळ्यांना पॉलिश केलंय, ग्राहकाला दिसाव्यात म्हणून. आणि आवाज! इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या पुढे गेलं की रेडिओ आपोआप बंद केला जातो.

हा व्ही६ ज्या गाड्यांत होता त्यांचे भाव एकेक करून उठत गेलेत. १४७ जीटीए आणि १५६ जीटीए, ३.२ लिटर आणि २५० अश्वशक्तीच्या, त्या आधी उठल्या. जीटीव्ही त्यांच्या मागून येतेय. म्हणून क्लासिक होतेय का याला माझं उत्तर: व्ही६ होतेय, झालीच आहे म्हणा. ट्विन स्पार्क देखणी जुनी गाडी आहे, तिला अजून वेळ लागेल.

पण 'व्ही६ होतेय' म्हणजे 'तुम्ही बघताय ती व्ही६ होतेय' असं नव्हे. या गाडीत दोन एकसारख्या दिसणाऱ्या लाल जीटीव्हींच्या किमतीत दुपटीचा फरक रास्त असू शकतो. तो फरक रंगात नसतो, बिलांच्या फाइलमध्ये आणि गाडीच्या पोटाखाली असतो. बघायला जाल तेव्हा काय बघायचं ते वेगळं लिहितो, आत्ता चहा उकळून खाली गेला.

कोथिंबीर_वडी

आम्ही तोरिनोला असतो. शेवटच्या काही वर्षांतल्या जीटीव्ही आरेझेला नाही, आमच्याकडून जवळ सान जोर्जो कानावेझे इथे पिनिनफरिना या डिझाइन कंपनीच्या कारखान्यात बनल्या. मूळ आकारही पिनिनफरिनाचाच, एन्रिको फुमिया यांच्या हातचा. १९९४ च्या पॅरिस मोटर शोमध्ये दाखवली तेव्हा रेखाटनं होऊन काही वर्षं उलटली होती. तरी आज रस्त्यात दिसली तर माझा नवरा अजून मान वळवून बघतो. माझ्याकडे बघून इतक्यात वळवलेली आठवत नाही.

एक सुचवते. इटलीत ३.० पेक्षा २.० व्ही६ टर्बो जास्त दिसते. इथे दोन लिटरच्या वरच्या इंजिनावर पूर्वी जबर कर असायचा, त्या रिवाजातून आलेलं हे इंजिन: सहा सिलिंडर, दोन लिटरच्या आत, वर टर्बो, २०० अश्वशक्ती. भाव ३.० पेक्षा सहसा कमी असतो. पण बोनेटखाली जागा इतकी दाटीची आणि उष्णता इतकी की मेकॅनिक नाक मुरडतात.

आणि इथल्या जाहिरातींतल्या 'ऐतिहासिक' या शेऱ्याला भुलू नका. २० वर्षांपुढच्या गाडीला ऐतिहासिक महत्त्वाचं प्रमाणपत्र मिळालं की वार्षिक कर निम्मा होतो, ३० वर्षांनंतर तो माफच होतो. म्हणून ज्याला कर वाचवायचाय तो प्रमाणपत्र काढतो. गाडी चांगली आहे असा त्याचा अर्थ नाही.

नेकारकाठचा

तेलकट हात, आधी चहा परत ठेवा, मग सविस्तर लिहा. वाट बघतोय.

कोथिंबीर ताई, टर्बोचा विचार नव्हता केला, पण इथल्या गॅरेजवाल्याला ३.० माहीत आहे, टर्बोचं नाव काढलं तर तो हसला. तेव्हा नकोच.

नाना, पुण्याला आणणं कठीण दिसतंय. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती बनून तीन वर्षांहून जास्त झालेली चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. ही सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, आणि स्टिअरिंग डावीकडे. चक्कर मारायला तुम्हीच इकडे या.

हिशोबी, इंडेक्स फंड आहेत हो. ते सुरू करताना आवाज येत नाही.

आता एक जर्मन प्रश्न. इथे ३० वर्षं झाली की 'एच' नंबरप्लेट मिळते, ऐतिहासिक गाडीची. १९९७ ची गाडी म्हणजे २०२७ मध्ये मिळेल. त्याने भाव वाढेल आणि कर वाचेल असं विकणारा सांगतोय. खरं का?

कागदी_घोडा

म्युनिक. हा माझा आवडता विषय असल्याने बाकीच्यांनी दोन मिनिटं क्षमा करावी.

एच प्लेटचा कर सगळ्या मोटारींना सरसकट १९१.७३ युरो. इंजिन केवढंही असो. मोठ्या, जुन्या, कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) नसलेल्या गाड्यांना याचा घसघशीत फायदा होतो. जीटीव्हीला कन्व्हर्टर आहे, त्यामुळे गणित वेगळं. कागदावर उत्सर्जन वर्ग युरो २ लिहिला असेल तर दर १०० सीसीला ७.३६ युरो. ३.० व्ही६ म्हणजे २,९५९ सीसी, ती ३० भाग धरतात, कर २२०.८०. एच घेऊन वर्षाला वाचले २९ युरो. एक जेवण, तेही एकट्याचं. ट्विन स्पार्कची तर मजाच आहे: १,९७० सीसी, २० भाग, कर १४७.२०. तिला एच घेतली तर वर्षाला ४४ युरो जास्त भराल! १९९५ च्या सुरुवातीच्या गाड्यांत एखादी युरो १ असेल तर दर १५.१३ आहे, तिथे मात्र एच परवडते. म्हणून आधी गाडीच्या कागदावरचा उत्सर्जन वर्ग वाचा.

शहरातल्या पर्यावरण क्षेत्रात एच गाडीला स्टिकर लागत नाही, पण या पेट्रोल गाड्यांना हिरवं स्टिकर तसंही मिळतं. तिथेही फायदा शून्य.

मग एच चा उपयोग काय? एकच, पण तो खरा आहे. ती मिळायला तपासनीसाचा अहवाल लागतो की गाडी बऱ्यापैकी मूळ रूपात आणि चांगल्या अवस्थेत आहे. पुढच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत त्या अहवालाला वजन असतं. नंतर बसवलेल्या अवाढव्य रिम आणि खाली बसवणारे स्प्रिंग असतील तर तिथे अडेल, ते त्या काळातलेच आहेत हे तुम्हाला दाखवावं लागेल.

विम्याचंही बघून ठेवा. क्लासिक विमा स्वस्त पडतो, पण कंपन्या सहसा रोजची दुसरी गाडी आणि बंद गॅरेज आहे का ते विचारतात आणि किंमतीचा अहवाल मागतात. दुसरी गाडी आणि गॅरेज तुमच्याकडे आहेच. नंबरप्लेट हंगामी घ्या, एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं तेव्हा गाडी बाहेर काढण्याचा मोह कायद्यानेच आवरला जातो, आणि कर-विमाही त्या महिन्यांपुरताच.

तेलकट_हात

चहा झाला. आता पोटाखालचं.

सकाळी जा आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका. पोचलात की सगळ्यात आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्याने आधी फिरवून आणलीये, आणि का आणली ते विचारा. ट्विन स्पार्क असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तिच्या कॅमचा व्हेरिएटर (व्हॉल्व्ह उघडायची वेळ पुढेमागे करणारा भाग) झिजला की थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद डिझेलसारखी खडखड करतो आणि मग गप्प बसतो. गरम इंजिनात तुम्हाला ऐकूच येणार नाही.

बेल्ट. कारखान्याने आधी १ लाख २० हजार किमीची मुदत दिली होती, पुढे ती निम्म्यावर आणली. आजचे जाणते मेकॅनिक ६० हजार किमी किंवा चार-पाच वर्षं, जे आधी होईल ते, असं म्हणतात. किमीपेक्षा वर्षं जास्त घात करतात, कारण या गाड्या उभ्याच असतात आणि विकणारा छाती ठोकून सांगतो, "बेल्ट घालून फक्त १५ हजार चाललीये." किती सालचा बेल्ट, बिल कुठे? बिल नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही असं धरा. बेल्टबरोबर वॉटर पंप आणि टेन्शनरही त्याच बिलात हवेत. व्ही६ ला विशेष जाणकाराकडून हे काम म्हणजे हजार ते दीड हजार युरो. ते किमतीतून वजा करून बोला.

व्ही६ चे ऑइल कूलरचे पाइप खालून बघा. रबर आणि धातू जिथे दाबून जोडलेत तिथे गंजतात आणि पाझरतात. आधी नुसतं ओलसर दिसतं, लोक पुसून टाकतात. मागच्या रांगेतले प्लग इनटेक (हवेच्या नळ्या) काढल्याशिवाय हाताला लागत नाहीत, म्हणून ते कैक वर्षं कुणी बदललेले नसतात. प्लगचं बिलही मागा, त्यावरून मालक कसा होता ते कळतं.

पत्रा गॅल्व्हनाइज्ड आहे, त्यामुळे वरून गाडी बरी दिसते. गंज खालून येतो: जॅक लावायच्या जागा, पायाखालचा पत्रा. लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊच नका. लांबी (पुट्टी) भरलीये का बघायला बरेच जण लोहचुंबक घेऊन जातात, चांगली सवय आहे. फक्त बोनेटला चुंबक चिकटला नाही म्हणून घाबरू नका, ते मुळातच पत्र्याचं नाही, कॉम्पोझिटचं आहे. ते बोनेट उघडाल तेव्हा आणखी एक गंमत दिसेल. ते चार गोल दिवे चार नाहीतच. प्रत्येक बाजूला एकच मोठा दिवा आहे आणि बोनेटला भोकं पाडलीत. बोनेट वर गेलं की समोरून एकदम भलतीच गाडी उभी असल्यासारखं वाटतं. भोकांच्या कडा बघून घ्या, रंग तिथे आधी उडतो. नवं बोनेट मिळवणं फार अवघड आहे. बॉडीचे भाग हाच या गाडीचा खरा दुष्काळ, इंजिनाचं सामान अजून मिळतं.

हिशोबी, पुढच्या चाकांचा तुमचा मुद्दा मान्य. ३.० व्ही६ नाकाला जड आहे आणि पहिल्या गिअरमध्ये जोरात दाबली की स्टिअरिंग हातात वळवळतं. मागचं सस्पेन्शन मात्र टिपोचं नाही, ते वेगळं मल्टिलिंक (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरणारं) दिलंय, आणि लांब वळणावर त्याचं मोल कळतं.

वळणावळणाची

ट्विन स्पार्कच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं ना. स्वित्झर्लंडात माझ्याकडे २.० आहे. नाक हलकं, वळणावर व्ही६ पेक्षा जास्त तत्पर, पेट्रोल कमी, बेल्टचं काम स्वस्त. घाटात वर चढताना व्ही६ वाले पुढे जातात, उतरताना परत भेटतात. १५० घोडे डोंगराळ रस्त्याला पुरून उरतात.

तेल मात्र पिते. दर हजार किमीला डिपस्टिक काढून बघायची, कंटाळा करायचा नाही. तेल कमी पडलं तर खालच्या बेअरिंगचा बळी जातो.

४,८०० ला घेतली आणि पाच वर्षांनी ४,८०० लाच गेली तरी काय बिघडलं? व्ही६ वर मोजलेले जास्तीचे नऊ हजार परत येतील याची हमी कोण देतंय?

हिशोबी

वळणावळणाची यांचा प्रतिसाद सोन्याने मढवून ठेवावा.

तेलकट_हात

चालवायचा आनंद म्हणाल तर त्यांच्याशी भांडण नाही. पण धागाकर्त्याने विचारलंय की क्लासिक कुठली होतेय. संग्राहक गाडी चालवून घेत नाही, यादी बघून घेतो. यादीत वर: व्ही६, मूळ रंग, मूळ चाकं, कमी मालक, पहिल्या दिवसापासूनची बिलं. २००१ ची 'कप' आवृत्ती चारशेच्या आसपास बनली, तिच्यासाठी वेगळी रांग लागते. २००३ नंतरची ३.२, २४० घोड्यांची, तीही वर. पण तिच्या पुढच्या मोठ्या, ढालीसारख्या जाळीच्या नाकापेक्षा मला १९९७ चं छोटं नाक जास्त आवडतं. हे आपलं वैयक्तिक मत, दगड मारू नयेत.

निवांत_नाना

अवांतर करतो. आमच्या भाच्याची स्विफ्ट डिझेल आहे, तिच्यात फियाटचंच इंजिन होतं ना? आणि रांजणगावात तेच १.३ बनायचं. म्हणजे इटालियन इंजिन टिकत नाही हे सगळं ऐकीव.

कागदी_घोडा

नाना, +१. अर्ध्या हिंदुस्तानाला त्या इंजिनाने ऑफिसला पोचवलंय.

नेकारकाठचा

व्ही६ बघून आलो. लांबलचक वृत्तांत देतो, कारण अर्धं तुमच्याच सूचनांमुळे दिसलं.

गाव श्वेबिश हालच्या पुढे. विकणारे गृहस्थ साठीचे, निवृत्त, गॅरेज आमच्या हॉलपेक्षा स्वच्छ. बोनेटवर हात ठेवला, थंडगार. मला वाटलं पहिलाच पेपर पास. सुरू केली, खडखड नाही, एकदोन सेकंद घुटमळली आणि मग तो आवाज आला. तेलकट हात, रेडिओबद्दल तुम्ही लिहिलंय ते कळलं.

फाइल जाड आहे. पहिल्या मालकाचं २००० सालचं टायरचं बिलसुद्धा त्यात आहे. बेल्टचं बिल २०१६ चं, ९८ हजार किमीला, त्यात टेन्शनर आहे, वॉटर पंपाचा उल्लेख नाही. बेल्टच्या कव्हरवर हाताने लिहिलेला छोटा स्टिकरही तेच सांगतो. ते म्हणाले, "फक्त ४० हजार झालेत." मी म्हटलं, "पण वर्षं बघा की." ते हसले, म्हणजे त्यांना माहीत होतं.

लिफ्ट शेजारच्या गावातल्या गॅरेजात मिळाली. जॅकच्या जागा स्वच्छ. पायाखालचा पत्रा डाव्या बाजूला वरवर गंजलाय, स्क्रूड्रायव्हरने टोचला तर आत जात नाही. ऑइल कूलरचा एक पाइप जोडाशी ओला. नुकताच पुसलेला नव्हता, धूळ चिकटून चिखल झाला होता. चाकं मूळची, पण स्प्रिंग खाली बसवणारे घातलेत. मूळ स्प्रिंग पोटमाळ्यावर खोक्यात ठेवलेत म्हणाले आणि खरंच काढून दाखवले.

कागदावर युरो २. म्हणजे एच चे २९ युरो.

मागच्या सीटवर बसून बघितलं. मान वाकडी करून बसावं लागतं. डिक्कीत दोन पिशव्या जेमतेम. आई-बाबा उन्हाळ्यात येतील तेव्हा स्कोडाच.

१३,५०० वरून किती खाली बोलू?

तेलकट_हात

पुसलेला नव्हता हे ऐकून बरं वाटलं. लपवणारा माणूस चिखल ठेवत नाही.

बेल्ट, पंप, टेन्शनर धरून १,४००. हे काम करताना मागचे प्लगही घालून घ्या, तेव्हाच हात पोचतो. पाइप करून घ्यायला मजुरीसकट चारपाचशे धरा. पायाखालचा गंज घासून, प्रायमर मारून, वरून मेण, म्हणजे आणखी काही शे. ११,००० पासून बोला, साडेअकराला थांबा. मग दुरुस्तीसकट १४ च्या आत राहता आणि घरचा करारही मोडत नाही. ते बारावर अडले तरी सोडू नका, बिलांच्या त्या जाड फाइलचे पैसे द्यावे लागतातच. तेराच्या वर मात्र उठा. गाडी घरी आली की बेल्ट होईपर्यंत चालवू नका, ट्रकवर घालून थेट गॅरेजात.

स्प्रिंगचं खोकं सौद्यात लिहून घ्या. २०२७ मध्ये एच साठी तेच लागणार.

हिशोबी

माझं मत बदललेलं नाही, पण ज्याने मूळ स्प्रिंग पोटमाळ्यावर जपून ठेवले त्याची गाडी घ्यायला हरकत नाही. पैसे वाढतील या आशेवर घेऊ नका, एवढंच. वर्षाला बेल्टचा हप्ता, विमा, गॅरेजचं भाडं, तपासणी, टायर हे सगळं मांडा. भाव वर्षाला पाचेक टक्के वाढला तरी तेवढ्यात तो खर्च निघतो की नाही ते दिसेल. माझ्या गणितात निघत नाही.

कोथिंबीर_वडी

निघू नये. निघाला तर नवरा दुसरी आणेल.

वळणावळणाची

चंदेरी ट्विन स्पार्क तुम्ही घेणार नसाल तर जाहिरातीचा दुवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बहीण शोधतेय.

कागदी_घोडा

सौद्याच्या कागदावर किलोमीटरचा आकडा 'मालकाच्या माहितीप्रमाणे' असं लिहायचा प्रयत्न झाला तर मान्य करू नका. फाइलमध्ये दर दोन वर्षांच्या तपासणीचे अहवाल असतील, त्यांवरचे आकडे ओळीने लावून बघा. चढते असले की झालं.

नेकारकाठचा

अहवाल लावले, आकडे चढते आहेत. ११,८०० ला शब्द दिलाय, स्प्रिंग धरून. बायकोला सांगितलं खेळणं घेतलं, ती म्हणाली आता कसं बोललास. शनिवारी ट्रक ठरवलाय. आणखी काही विसरलोय का?

तेलकट_हात

किल्ल्या. त्या काळातल्या अल्फांना एक लाल किल्ली यायची, मास्टर. नवीन किल्लीची इमोबिलायझरला (चोरीविरोधी इलेक्ट्रॉनिक कुलपाला) ओळख करून द्यायची तर ती लागते. हरवली असेल तर पुढे किल्ली करताना मोठा ताप आणि खर्च होतो. शिवाय एक कोड कार्डही असतं. दोन्ही हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नका, आणि लाल किल्ली रोज वापरू नका, घरात ठेवा.

नेकारकाठचा

आत्ता फोन केला. कार्ड फाइलमध्ये आहे. लाल किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये आहे म्हणाले, शुक्रवारी काढून ठेवतील.